रिपोर्ट म्हणजे आरोपपत्र नव्हे



या सदरात आपण मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, मोतीबिंदू असे विषय घेतले. ते दिवाणखान्यात बसून मोठ्याने वाचता येतात. आजचा विषय तसा नाही. आजचा विषय आहे जननेंद्रियांवर होणारा हर्पीस. काही घरांत हे पान दुमडून ठेवले जाईल आणि दोन-चार वडीलधारी मंडळी संपादकांना फोनही करतील. तरीही लिहिते. कारण या आजाराच्या दुखण्याने माणसे जेवढी हैराण होतात, त्याहून अधिक ती गैरसमजाने होतात. आणि गैरसमज काढणे हे नर्सचे निम्मे काम असते.

माझे मत आधीच सांगून टाकते. हर्पीसच्या रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन कुणी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वागण्याचा हिशेब मांडू नये. तो कागद ते सांगूच शकत नाही. आणि फोड खरोखर आलेच तर लाजेपोटी घरात बसून राहू नये. त्यावर जुने, स्वस्त आणि चांगले औषध आहे.

सध्या माझा मुक्काम दुबईच्या जबल अलीत, मुलीकडे आहे. इथले बंदर १९७९ साली सुरू झाले, १९८५ साली फ्री झोन झाला आणि तेव्हापासून जगभरची माणसे इथे पोटासाठी येत आहेत. त्यात आपल्या रत्नागिरी-रायगडचे वेल्डर आहेत, क्रेन चालवणारे आहेत, गोदामातले कामगार, हिशेबनीस आणि नर्सेसही आहेत. ज्यांचा पगार बरा ते बायकामुलांना आणून डिस्कव्हरी गार्डन्ससारख्या वसाहतीत भाड्याने राहतात. बाकीचे कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत अनेक जण, वर्षा-दोन वर्षांनी एकदा गावी जातात. नर्स नोकरीतून निवृत्त होते, पण शेजारीपाजारी तिला निवृत्त होऊ देत नाहीत. बागेत फिरताना, लिफ्टमध्ये, फोनवर "मावशी, एक विचारू का?" अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार ते मला आता कळते.

इथे माझ्याकडे आलेली तीन उदाहरणे सांगते. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिली एक तरुण मुलगी. लग्नाला दोन वर्षे झालेली. पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. सुट्टीत गावी गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी 'टॉर्च' नावाची तपासणी लिहून दिली. रिपोर्टात ठळक अक्षरांत आले, 'हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह'. सासूबाईंनी तो कागद धाकट्या मुलाकडून वाचून घेतला, त्याने मोबाइलवर शब्द शोधला आणि संध्याकाळपर्यंत घरात ठरून गेले की सुनेला लग्नाआधीचा काहीतरी रोग आहे.

दुसरा कॅम्पात राहणारा एक गृहस्थ. चौदा महिने गावी गेला नव्हता. जोराचा ताप आला आणि ताप उतरता उतरता खाली पुटकुळ्या उठल्या. "मी कुठे गेलोच नाही, मग हे आले कुठून?" हा त्याचा प्रश्न. त्यापुढचा प्रश्न त्याने तोंडाने विचारला नाही, पण तो बायकोबद्दल होता हे मला समजले.

तिसरे एक जोडपे. लग्नाला अकरा वर्षे. बायकोला आयुष्यात पहिल्यांदाच तिथे फोड आले. दोघेही एकमेकांकडे बघेनासे झाले. तपासणीत निघाला तो विषाणू ओठावर पुटकुळ्या आणणारा. नवऱ्याला लहानपणापासून दर हिवाळ्यात ओठावर पुटकुळ्या येतात. आजी त्याला 'ताप फुटला' म्हणायची.

तिन्ही घरांत प्रश्न एकच होता. हे कुणी आणले? त्याचे उत्तर द्यायचे तर आधी आजाराची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

नावाचा घोळ

मराठीत हर्पीस म्हटले की अनेकांना नागीण आठवते. नागीण हाही एक हर्पीसच, पण वेगळा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरात झोपून राहतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात एखाद्या शिरेच्या मार्गाने पट्ट्यासारखा उठतो. ती नागीण. तिने कमरेला पूर्ण विळखा घातला आणि तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरे नाही. नागिणीचा शरीरसंबंधाशीही काही संबंध नाही. गंमत अशी की 'हर्पीस' हा मूळ ग्रीक शब्दही सरपटण्यावरूनच आला आहे. म्हणजे ग्रीकांना आणि आपल्या आज्यांना त्वचेवर सरकत जाणारे फोड बघून एकच कल्पना सुचली.

आपला आजचा आजार दुसऱ्या विषाणूचा आहे. त्याचे दोन भाऊ आहेत, एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२. पहिला बहुधा ओठावर राहतो आणि पुष्कळांना तो लहानपणीच, घरातल्यांच्या पाप्यातून मिळतो. दुसरा बहुधा कमरेखाली राहतो आणि शरीरसंबंधातून लागतो. 'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा. पहिला भाऊ मुखमैथुनातून खालीही पोचतो. हे शब्द माझ्या वयाच्या बाईने लिहावेत का, असे कुणाला वाटेल. पण नवरा-बायकोच्या खोलीत काय घडते ते डॉक्टर-नर्सने स्पष्ट सांगितले नाही, तर तिसऱ्या उदाहरणातल्यासारखी निर्दोष जोडपी एकमेकांना चोर ठरवून मोकळी होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये पहिला भाऊ होता. दुसरा भाऊ १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये होता. जननेंद्रियांवरचा हर्पीस, मग तो कोणत्याही भावाचा असो, याच वयोगटात दर पाच माणसांमागे एकाला आहे. म्हणजे हा कोपऱ्यातला, वाईट वस्तीतला आजार नव्हे. तो बसमध्ये, कचेरीत आणि लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसलेला आहे. त्यातल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे हे माहीतही नाही, कारण त्यांना कधी ठसठशीत त्रास झालेलाच नसतो.

हा विषाणू करतो काय

विषाणू शिरल्यावर साधारण दोन ते बारा दिवसांत पहिला झटका येतो. आधी झिणझिण्या, खाज, जळजळ. मग पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा घोस. त्या फुटून व्रण होतात, लघवी करताना आग होते, जांघेत गाठी येतात, अंगात कणकण असते. पहिला झटका सर्वांत कठीण. दोन ते चार आठवड्यांत व्रण भरतात आणि सहसा डागही राहत नाही.

व्रण भरले तरी विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने वर सरकतो आणि कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यात जाऊन निजतो. ताप, दुसरे एखादे आजारपण, मनाचा ताण, बाईला पाळी, जागेला घर्षण, असे काही झाले की तो जागा होऊन त्याच वाटेने खाली येतो. पुढचे झटके हलके आणि थोड्या दिवसांचे असतात. दुसऱ्या भावाचे झटके पहिल्या वर्षी सरासरी चारेक वेळा येतात, पहिल्या भावाचे क्वचित. वर्षे जातात तसे दोन्ही कमी होतात.

आता दुसऱ्या उदाहरणातला गृहस्थ आठवा. चौदा महिने तो कुठे गेला नाही हे खरे असू शकते. विषाणू त्याच्या अंगात पाच वर्षे किंवा पंधरा वर्षे निजलेला असू शकतो. पहिल्या वेळी त्याला काही जाणवलेही नसेल. उन्हातले काम, ताप आणि रात्रपाळ्या यांनी तो जागा झाला. त्यात बायकोचा संबंध येतो असे म्हणायला कुठलाही आधार नाही.

रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो

पहिल्या मुलीच्या कागदावरच्या 'आयजीजी पॉझिटिव्ह'चा अर्थ एवढाच, की कधीतरी, कुठेतरी, या शरीराची हर्पीसशी गाठ पडली होती. कधी? ते कागद सांगत नाही. ओठावर की खाली? तेही सांगत नाही. कुणाकडून? ते तर कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. टॉर्चच्या बऱ्याच रिपोर्टांत दोन्ही भावांची नोंद एकत्रच असते, म्हणजे पाच वर्षांची असताना आत्याने घेतलेल्या पाप्यामुळेही तो कागद पॉझिटिव्ह येईल. 'आयजीएम' नावाची तपासणी तर याहून निरुपयोगी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे लागण ताजी, असे लोक धरून चालतात आणि ते चुकीचे आहे. जुन्या आजाराच्या झटक्यातही ती पॉझिटिव्ह येते.

आणखी एक गोष्ट. निरोगी माणसात या रक्ततपासण्या खोट्या पॉझिटिव्हही येतात. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली स्पष्ट सल्ला दिला, की ज्यांना काही त्रास नाही अशा प्रौढांची, गर्भवतींचीसुद्धा, हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये. आपल्याकडे मात्र गर्भ पडला की टॉर्च, आणि 'संपूर्ण तपासणी पॅकेज' घेतले की त्यात हर्पीस, अशी पद्धत पडून गेली आहे. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो, ज्यात आईचा किंवा बापाचा काहीच अपराध नसतो. त्या दुःखात एक अर्धवट कागद टाकून घरात आग लावण्याचे कारण नाही. डॉक्टरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणते, की ज्या तपासणीने उपचार बदलणार नाही ती लिहू नये. आणि लिहिली तर तिचा अर्थ समजावून सांगायला पाच मिनिटे द्यावीत. ती पाच मिनिटे न मिळाल्याने त्या मुलीचे सहा महिने माहेरी गेले.

मग खरी तपासणी कोणती? फोड ओले असताना, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत, त्यावरून कापसाचा बोळा फिरवून केलेली पीसीआर तपासणी. त्यातून कोणता भाऊ आहे हेही कळते. व्रण सुकून गेल्यावर गेलात तर ती संधी हुकते. म्हणून डॉक्टरांकडे लगेच जा.

व्हिसा, कॅम्प आणि भीती

जबल अलीत राहून एक गोष्ट मला नीट कळली. इथे कमरेखाली काही झाले की माणसाला पहिली भीती आजाराची नसते, व्हिसाची असते. परदेशी कामगाराला निवासी व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. त्यात मुख्यतः एचआयव्ही आणि क्षयरोग बघतात. एचआयव्ही निघाला तर परत जावे लागते. घरकाम, पाळणाघर, सलून अशा ठरावीक कामांसाठी हेपेटायटिस बी आणि सिफिलिसही तपासतात. हर्पीस या यादीत नाही. तरी कॅम्पात 'खालचा रोग' म्हणजे परतीचे तिकीट अशी समजूत घट्ट बसली आहे. म्हणून लोक डॉक्टरांकडे जातच नाहीत. कुणाकडून तरी मलम आणून लावतात. त्यात स्टेरॉइड असेल तर व्रण चिघळतो.

दुसरी भीती खोलीतल्या सोबत्यांची. एकाला फोड आले हे कळले की त्याचा पेला वेगळा, बादली वेगळी, संडासाला जायची वेळ वेगळी. हा त्रास त्या माणसाला फोडांपेक्षा जास्त लागतो. तर स्पष्ट लिहिते. हा आजार संडासाच्या भांड्यावरून लागत नाही. टॉवेल, साबण, चादर, ताट-पेला यांनी लागत नाही. पोहण्याच्या तलावातून लागत नाही. तो त्वचेचा त्वचेशी प्रत्यक्ष संबंध आल्याने लागतो. एका बाथरूममध्ये दहा जण आंघोळ करत असतील तरी सोबत्यांना धोका नाही.

पण एक सावधगिरी सांगायलाच हवी. खाली झालेला प्रत्येक व्रण हर्पीस नसतो. हर्पीसचा व्रण दुखतो, झोंबतो. सिफिलिसचा व्रण पुष्कळदा एकच असतो आणि मुळीच दुखत नाही. न दुखणारा व्रण आपोआप भरला म्हणून माणूस खूश होतो आणि रोग आत काम करत राहतो. सिफिलिस पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो, म्हणून तो ओळखून घेणे महत्त्वाचे. शिवाय दुसऱ्या भावाचा हर्पीस असलेल्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. म्हणून व्रण आले की डॉक्टर या दोन्ही तपासण्या सुचवतात, आणि त्या कराव्यात.

भारतात सुट्टीवर असाल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या या क्लिनिकमध्ये तपासणी व औषध मोफत मिळते आणि समुपदेशकही असतो. तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटे देतात. हर्पीसच्या व्रणांचे पाकीट लाल, आत असायक्लोविर ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. शंका विचारायला १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही. इस्रायलमधल्या वाचकांनी आपल्या कुपात होलीमच्या डॉक्टरांना सरळ सांगावे. त्यांना यात नवल वाटत नाही.

औषध आले कसे

मी नर्सिंग शिकले त्या काळी, १९७० च्या आसपास, या फोडांवर आमच्या हातात खरे औषध काही नव्हते. मिठाच्या पाण्याने धुवायचे, जांभळे जेन्शन व्हायोलेट लावायचे आणि धीर द्यायचा. त्या वेळी हर्पीसमुळे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो अशीही शंका घेतली जात असे. पुढे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी तो एचपीव्ही या निराळ्याच विषाणूमुळे होतो हे दाखवले आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा हर्पीस झाला म्हणून कर्करोगाची धास्ती घेऊ नका.

१९८२ साली 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने हर्पीसवर मुखपृष्ठ काढून त्याला कलंकाचे रूप दिले. त्याच सुमारास असायक्लोविर बाजारात येऊ लागले. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिच्या प्रमुख होत्या गर्ट्रूड एलियन. न्यू यॉर्कमध्ये १९१८ साली स्थलांतरित यहुदी घरात जन्मलेली ही मुलगी रसायनशास्त्रात हुशार, पण बाई म्हणून तिला प्रयोगशाळेत नोकरी मिळेना. डॉक्टरेट करणेही जमले नाही. तरी १९८८ साली तिला वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या मुलींना तिचे नाव माहीत असावे. तिच्या प्रयोगशाळेतल्या या गोळीने जगभरच्या किती माणसांच्या रात्री सुखाच्या केल्या याला गणती नाही.

औषधाने विषाणू कायमचा जात नाही, हे मान्य करायला हवे. लसही अजून नाही. म्हणून 'मुळापासून बरा करतो' अशी पाटी दिसली की पाकीट सांभाळा. मुंबईच्या लोकलमध्ये आणि भिंतींवर असल्या जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. खरे औषध काय करते? झटका लवकर आटोपते, वेदना कमी करते. पहिली झिणझिण जाणवताच, चोवीस तासांच्या आत सुरू केले तर सर्वांत चांगले काम करते. ज्यांना झटके फार येतात त्यांना डॉक्टर रोज घ्यायची गोळी देतात. रोज घेतलेल्या व्हॅलासायक्लोविरने जोडीदाराला लागण होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. निरोध वापरल्यास धोका आणखी कमी होतो, पण शून्य होत नाही, कारण निरोध सगळी जागा झाकत नाही.

घरी करण्यासारखे असे. सैल सुती कपडे घाला. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा. लघवीला फार आग होत असेल तर कोमट पाणी ओतत ओतत लघवी करा, आराम वाटतो. लघवी अडलीच तर थांबू नका, दवाखान्यात जा. वेदनेला पॅरासिटॅमॉल चालते. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका, डोळ्यातला हर्पीस दृष्टीला घातक असतो. झिणझिण सुरू झाल्यापासून व्रण पूर्ण भरेपर्यंत शरीरसंबंध ठेवू नका.

आई आणि बाळ

गर्भवतींना एवढेच सांगते, की आधीपासून हर्पीस असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांपासून लपवू नका. जुना हर्पीस असलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, कारण आईच्या प्रतिकारशक्तीचे कवच बाळाला मिळालेले असते. धोका मोठा असतो तो शेवटच्या दिवसांत नवी लागण झाली तर. तेव्हा ती शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ज्या नवऱ्याला ओठावर किंवा खाली फोड येतात त्याने शेवटच्या तीन महिन्यांत फार जपावे. कळा सुरू झाल्यावर फोड दिसले तर डॉक्टर सिझेरियन करतात.

आणि पाहुण्यांना एक विनंती. बारशाला, मिलाला जाल तेव्हा ओठावर पुटकुळ्या असतील तर बाळाचा पापा घेऊ नका. तान्ह्या बाळाला तो साधा 'ताप फुटलेला' ओठ जिवावर बेतू शकतो. बाळाच्या आईने कुणाला अडवले तर तिला शिष्ट म्हणू नका.

सांगायचे कुणाला

आपल्या भाषेत या आजारांना गुप्तरोग म्हणतात. नावातच लपवायचा हुकूम आहे. पण ज्याच्याशी शरीरसंबंध आहे त्याच्यापासून लपवणे मला मान्य नाही. आपल्याला हर्पीस आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने लग्नाआधी किंवा संबंधाआधी समोरच्याला सांगितलेच पाहिजे. अवघड आहे, पण शांतपणे, चार वाक्यांत सांगता येते: मला हा आजार आहे, अधूनमधून येतो, औषध आहे, काळजी घेतली तर तुला धोका कमी आहे. समोरचा विचार करायला वेळ मागेल तर द्यावा. नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे.

पण हा हक्क फक्त त्या दोघांचा. सासूचा, नणंदेचा, मध्यस्थ बाईचा नाही. आमच्या एका परिचित आजी मला म्हणाल्या, "अगं, लाज आहे म्हणून तर मुले सरळ वागतात. तू लाजच काढून टाकतेस." त्यांच्या काळजीचा मी मान राखते. पण इतकी वर्षे वॉर्डांत काम करून मी पाहिले ते असे, की लाजेने विषाणू थांबत नाही, फक्त औषध थांबते. जो माणूस बाहेर जायचा तो जातच राहतो, आणि शिक्षा मात्र घरी बसलेल्या बाईला होते. तिला विचारायला कुणी नसते, दवाखान्यात न्यायला कुणी नसते आणि उलट तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवले जाते.

हर्पीस कधीच बाहेरख्यालीपणातून येत नाही, असे मी म्हणत नाही. येतो, आणि तसे झाले तर त्या घरात जे बोलायचे ते नवरा-बायकोने बोलावे. पण तो निवाडा माणसाच्या वागण्यावरून, त्याच्या शब्दावरून करा. रक्ताच्या कागदावरून करू नका.

आपला समाज लहान आहे. ठाण्यात खोकले की लोदला ऐकू येते. लहान समाजात एक चांगले असते, अडचणीला माणसे धावून येतात. आणि एक वाईट, एका मुलीचे नाव एकदा खराब झाले की तिचे स्थळ तिन्ही देशांत मोडते. त्या पहिल्या उदाहरणातल्या मुलीच्या बाबतीत शेवटी तिचा नवराच माझ्याकडे आला, दोन तास बसला, प्रश्न लिहून आणले होते. सगळे ऐकल्यावर त्याने स्वतःचीही तपासणी करू का असे विचारले. मी म्हटले, "करून काय करणार? पॉझिटिव्ह आली तर तिला दोष देणार नाहीस, निगेटिव्ह आली तर देशील?" तो गप्प बसला. पुढच्या महिन्यात तो तिला घेऊन आला.

तेव्हा वाचकहो, घरात असा कागद आला तर आधी तो बंद करून ठेवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. फोड असतील तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा. फोड नसतील, काही त्रास नसेल, तर तो कागद विसरून जा आणि एकत्र बसून जेवा. आणि शेजारणीच्या सुनेबद्दल कुणी असे काही सांगू लागले, तर विषय बदलण्याइतके औषध आपल्या सगळ्यांकडे आहे.